पानाच्या डब्यातला आवाज

काथाचा वास आला की मला इलेक्ट्रिक गिटार आठवते. हे मी एकदा घरात बोलून गेलो, तेव्हापासून माझी मुलं मला पानाच्या दुकानासमोरून जरा घाईनंच पुढे नेतात. पण यात माझ्या वयाचा काही संबंध नाही. दोष असलाच तर तो अंबादासचा आहे, आणि त्याच्या आईच्या पितळी पानाच्या डब्याचा आहे.

अंबादास आमच्या ‘झुळूक म्युझिकल पार्टी’चा गिटारवादक. सत्तर सालानंतरच्या त्या दिवसांत सोलापुरात गणपती असो, लग्न असो, नाहीतर कुणी निवडणुकीत निवडून आलेला असो, ऑर्केस्ट्रा लागायचाच. पार्टीचे मालक शिवप्पाअण्णा सुताचे व्यापारी होते आणि मुख्य गायकही तेच होते, कारण मालक तेच होते. मी दिवसा विमा कचेरीत कारकुनी करायचो आणि संध्याकाळी अ‍ॅकॉर्डियन वाजवायचो. तालीम अण्णांच्या गोदामात व्हायची. चारी भिंतींना छतापर्यंत सुताचे गठ्ठे लावलेले असल्यामुळे तिथे कितीही बेसूर गायलं तरी आवाज गठ्ठ्यांत जिरून जायचा, आणि अण्णांचा स्वतःच्या गळ्याविषयी गैरसमज वाढत राहायचा. तो दूर करायच्या भानगडीत आम्ही कुणी पडलो नाही.

या गोदामात अंबादास पहिल्यांदा आला तेव्हा मला वाटलं, गठ्ठे उतरवायला हमाल आलाय आणि त्याच्या खांद्यावर कुणाची तरी गिटार आहे. उंच, काटकुळा, केसांत आणि भुवयांवर कापसाचा भुरा. साखर पेठेत त्यांच्या घरामागे चार यंत्रमाग होते, तिथे दिवसभर चादरी काढून तो थेट तालमीला आला होता. बेलबॉटम मात्र कडक इस्त्रीची. गिटार रेल्वे लाइन्समधल्या एका गार्डसाहेबांनी गाव सोडताना त्याला दिलेली, लाल रंगाची, आणि हात पडायचा तिथला रंग पार उडालेली. त्यानं वाजवून दाखवलं. अण्णांना पसंत पडलं. मलाही पडलं. पसंत पडलं नाही ते एकट्या अंबादासला.

“टिंग करतंय आन् मरतंय,” तो तारेकडे बघत म्हणाला. “आवाजाला अंग नको का, अनंतराव?”

हे अंग कसलं, ते त्यानं मला पुढे अनेकदा समजावून सांगितलं, आणि दरवेळी खाण्याच्या भाषेत. साध्या गिटारीचा आवाज त्याच्या लेखी दूधभात होता. आजारी माणसाला बरा. त्याला हवी होती शेंगाचटणी. “नुसते दाणे बारीक केले तर त्ये कूट. त्याला कोन विचारतंय? उखळात कुटत ऱ्हायचं, कुटत ऱ्हायचं, मग एका घटकेला दाण्याला तेल सुटतंय बगा. तितं थांबायचं. आदी थांबलं तर कूट, उशीर झाला तर लगदा. आवाजाचं बी तसंच हाय. त्याला तेल सुटंस्तोवर दाबायला पायजे.” मग तो माझ्या अ‍ॅकॉर्डियनकडे सहानुभूतीनं बघायचा. माझ्या वाद्याला तेल सुटण्याची शक्यता नाही, हे त्यानं मला तोंडावर कधी सांगितलं नाही. तेवढा तो सभ्य होता.

हे तेलाचं वेड नुसतं शौकापोटी नव्हतं. त्यामागे त्याचे वडील होते.

राजय्याकाका मूळचे हातमागावरचे विणकर. तरुणपणी खड्ड्यातल्या मागावर बसून, पायांनी पावड्या, म्हणजे मागाच्या लाकडी पट्ट्या, दाबत, तेलुगू गाणी म्हणत त्यांनी लुगडी विणली होती. पुढे यंत्रमाग आले. चार मागांच्या खडखडाटात पंधरा-सोळा वर्षं काढल्यावर त्यांच्या कानांनी राजीनामा दिला. त्यांना गिरणीचा भोंगा ऐकू यायचा, मालगाडी ऐकू यायची, आणि मागावर धागा तुटलेला मात्र न ऐकताच कळायचा. बाकीचं जग त्यांच्यासाठी तोंडं हलवत असे. त्या घरात सगळेच ओरडून बोलायचे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा घरात मोठं भांडण चाललंय असं समजून दारातूनच परत फिरत होतो. नंतर कळलं की चहात साखर किती घालायची ते विचारत होते.

एका गणपतीत अंबादासनं वडिलांना कार्यक्रमाला आणून पहिल्या रांगेत बसवलं. काका पूर्ण वेळ ताठ बसून होते. संपल्यावर अंबादास त्यांच्या पाया पडला आणि कसं वाटलं म्हणून खुणेनं विचारलं. काका एकच शब्द बोलले, “विनपडलेदु.” म्हणजे ऐकू आलं नाही. मग न्याय करावा म्हणून त्यांनी सविस्तर सांगितलं. ढोल ऐकू आला. शिवप्पाअण्णा ऐकू आले, ते न ऐकण्याची सोय नव्हती. माझ्याकडे बोट करून म्हणाले, “ह्ये भाता हलवत होते, दिसलं.” आणि मुलाला म्हणाले, “तू बोटं हलवलास. मग थांबलास. मधी काय झालं?”

हसू येण्यासारखंच होतं, मी हसलोही. अंबादास हसला नाही. त्याच महिन्यात घरात गोष्ट निकराला आली. काकांचं म्हणणं सरळ होतं. मागावर बसायला घरचा माणूस हवा, आणि हा संध्याकाळ झाली की पळतो. कशासाठी, तर जे ऐकू येत नाही त्यासाठी. सगळ्या भावकीसमोर त्यांनी निकाल दिला: पद्माच्या, म्हणजे अंबादासच्या धाकट्या बहिणीच्या लग्नात मी समोर बसेन. एक गाणं वाजव. मला ऐकू आलं तर जन्मभर वाजवत बस, मी अडवणार नाही. नाही आलं तर गिटार विकायची आणि चारही माग सांभाळायचे.

“कबूल,” अंबादास म्हणाला. आणि मग काकांना ऐकू जावं म्हणून पुन्हा ओरडून म्हणाला.

त्यानंतर त्यानं मला गाठलं. एवढा घाबरलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. “मोठ्यानं वाजवून भागत न्हाय वो,” तो म्हणाला. “मोठ्यानं बी टिंगच वाजतंय, निस्तं मोठं टिंग. बापूच्या कानापत्तुर जाईस्तोवर मरून जातंय. लांब टिकनारा आवाज पायजे. न तुटनारा.”

त्या हिवाळ्यात मुंबईची एक पार्टी सोलापुरात कार्यक्रमाला आली. त्यांच्या गिटारवाल्याच्या पायाशी एक छोटी लोखंडी पेटी होती. तो तिच्यावर पाय द्यायचा आणि गिटारीचा आवाज खरखरीत, भरदार होऊन लांबच लांब ताणला जायचा. अंबादास खुर्चीतून उठून उभाच राहिला. मागचे लोक ‘बसा की, बसा की’ म्हणून ओरडत होते. कार्यक्रम संपल्यावर त्यानं त्या पाहुण्याला चहा पाजला, कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं पुडकं बांधून दिलं, आणि त्या बदल्यात पेटीचं झाकण उघडून आत बघून घेतलं. तिला ओव्हरड्राइव्ह म्हणतात, हेही तेव्हाच कळलं. घरी येईपर्यंत तो डोळे अर्धवट मिटून चालत होता, आतलं सांडू नये म्हणून. मी हात धरून त्याला रस्त्यातल्या म्हशींपासून वाचवलं.

आत पाहिलेलं जेवढं आठवलं तेवढं त्यानं जसंच्या तसं केलं. जे आठवलं नाही ते बाजारात मिळालं तसं केलं. पायानं दाबायचं बटण त्यानं एका भंगार ट्रकमधून काढलं. ड्रायव्हर लोक दिव्याचा झोत खाली-वर करायला पायानं दाबतात ते. ते दाबलं की असा ‘खटाक’ आवाज व्हायचा की पुढचे चार लोक दचकायचे. पेटीसाठी पत्र्याचे दोन डबे पायाखाली चेपून झाल्यावर त्याची नजर आईच्या पितळी पानाच्या डब्यावर गेली. जाड, दणकट, आत सुपारी-चुना-काथाचे कप्पे. एका कप्प्यात बॅटरी बसली, दुसऱ्यात तारा. काथ मात्र पूर्ण निघाला नाही. दिव्यांनी डबा तापला की स्टेजवर मसाला पानाचा दरवळ सुटायचा. आई पुढे कित्येक महिने सुपारी एका वाटीत ठेवून खात होती, आणि कोणी पाहुणं आलं की म्हणायची, “डबा गान्याला गेलाय.”

डब्यावर तीन बटणं होती. मुंबईच्या पेटीवर त्यांची इंग्रजी नावं होती. अंबादासनं पांढऱ्या रंगानं लिहिलं: तिखट, तेल, मीठ. तिखट म्हणजे आवाज किती दाबायचा, तेल म्हणजे तो गोल ठेवायचा की टोकदार, आणि मीठ म्हणजे एकूण किती. तो वाजवताना कुणाला तरी खाली वाकून बटण फिरवायला सांगायचा, “अनंतराव, जरा मीठ कमी करा की,” आणि पुढे बसलेले लोक आमच्या पायाशी काय शिजतंय ते बघायला माना उंच करायचे. ट्रकचं ते बटण अंगठ्याला लागावं म्हणून तो उजवी चप्पल काढून उभा राहायचा, डावी पायातच. निम्म्या सोलापूरची अशी समजूत होती की या माणसाची एक चप्पल देवळातून गेलीय आणि परिस्थितीमुळे तो दुसरी घेत नाही.

डब्याचा पहिला कार्यक्रम मोडनिंबला झाला. दुपारची वेळ, शाळेच्या पटांगणात मांडव, निम्मं गाव गोळा झालेलं. अण्णांनी एक विरहाचं गाणं घेतलं. मधल्या जागी अंबादासनं डब्यावर पाय दिला. खटाक! आणि जो आवाज निघाला, त्यानं अण्णांचा विरह जागच्या जागी संपला.

पुढच्या रांगेतले एक फेटेवाले आजोबा उठून उभे राहिले. “आवो, बंद करा त्ये! तुमचा कर्णा फाटला की!”

“फाटला न्हाय आजोबा,” अंबादास वाजवता वाजवता म्हणाला, “आवाजच तसा हाय.”

“तसा कसा? आमच्या हिरीवरचं इंजिन पानी सोडताना असंच करतंय. आदी हवा काढावी लागती.”

तेवढ्यात मेहबूबभाई धावत आले आणि त्यांनी मशीनच बंद केलं.

आता मेहबूबभाईंविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे झालं. बाळीवेशीत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आणि कार्यक्रमाला लाउडस्पीकर पुरवायचे तेही तेच. साफ आवाज हा त्यांचा धर्मच होता म्हटलं तरी चालेल. “काच के माफिक होना आवाज. उस पार का आदमी दिखना,” असं ते म्हणायचे. गिटारीचा आवाज मोठा करायला ते एक जुनं मशीन आणायचे, आत काचेचे दिवे पेटणारं. ते त्यांच्या वडिलांचं होतं. त्याला मखमलीची टोपी शिवलेली होती, आणि ती काढताना ते मनातल्या मनात काहीतरी पुटपुटत. आवाजाच्या बटणाशेजारी त्यांनी बायकोच्या नेलपॉलिशनं एक लाल ठिपका लावला होता. बटण त्या ठिपक्यापर्यंत. त्यापुढे कुणी न्यायचं नाही. “अब्बा भी नै गये कब्बी इसके आगे,” ते सांगायचे. एकदा अण्णांनी गाण्याच्या भरात त्या बटणाला हात लावला, तर मेहबूबभाईंनी भर कार्यक्रमात त्यांच्या मनगटावर फटका मारला होता. मालक असूनही अण्णांनी हात मागे घेतला.

मोडनिंबला मेहबूबभाई स्पीकरला कान लावून, कागद चाचपून, अगदी रडवेले झाले. “फट्या क्या? मेरा स्पीकर फट्या क्या?”

“न्हाय भाई,” अंबादास पुन्हा पुन्हा सांगत होता, “बिगडला न्हाय, मीच बिगडवलाय. मुद्दाम.”

“मुद्दाम कौन बिगाडता जी आवाज?” मेहबूबभाईंना हा प्रश्न खरोखरच पडला होता. आवाज आपणहून बिघडतो आणि माणूस तो सुधारतो, ही जगाची रीत त्यांना माहीत होती. हे उलटं प्रकरण त्यांच्या डोक्यात शिरेना. शेवटी सरपंचांनी मारुतीच्या देवळातला कर्णा आणून द्यायची तयारी दाखवली. आम्ही आभार मानले आणि उरलेला कार्यक्रम दूधभातावर उरकला.

पण त्या एका मिनिटात अंबादासला हवं ते मिळालं होतं. परतीच्या टेंपोत सगळे त्याच्यावर चिडलेले, आणि हा एकटा मांडीवर डबा घेऊन हसत बसलेला. “टिकला बगा, अनंतराव. म्हातारा उटून हुबा ऱ्हाइला, तरी आवाज मेला न्हाय.” पुढचे दोन महिने तो रोज मागांच्या सुट्टीत एकच चाल घोकत होता. राजय्याकाका हातमागावर म्हणायचे त्यातलं एक गाणं. त्याला ते लहानपणी ऐकून पाठ झालेलं. घरातल्या कुणालाही काही बोलला नाही. लग्नात तेच वाजवायचं ठरवलं होतं.

लग्न तोंडावर आलं आणि डबा मधेच आवाज सोडायला लागला. तारा जोडायला कथलाचे डाग देणं अंबादासला कच्चंच जमायचं, एक तार कुठेतरी सुटत होती. लग्नघरात कामांचा डोंगर. त्यानं डबा मेहबूबभाईंच्या दुकानात टाकला, “आवाज अडकतोय भाई, तेवढं बगा,” म्हणाला, आणि केळीचे खांब आणायला गेला.

मेहबूबभाईंच्या हातात आजवर जे जे आलं होतं ते त्यांनी साफ करून परत दिलं होतं. या पोराच्या बहिणीचं लग्न, घरचं कार्य, भाऊ बापासमोर वाजवणार, एवढंच त्यांच्या कानावर होतं. अट त्यांना कुणी सांगितलेली नव्हती. ते डबा उघडून बसले. काम अगदी जीव लावून केलं. लग्नाच्या दिवशी सकाळी त्यांनी तो पितांबरीनं घासल्यासारखा लखलखीत करून स्वतः आणून दिला, आणि मजुरी विचारली तर कानाला हात लावले.

लग्न दुपारी लागलं. जेवणाच्या पंगती बसल्या आणि आम्ही स्टेजवर चढलो. समोरच राजय्याकाकांची खुर्ची. नवं धोतर, हात गुडघ्यांवर, आणि चादरीत दोष शोधताना असते तशी नजर. त्यांच्यामागे सगळी भावकी उभी. पाठवणीची वेळ जवळ आली होती, काकांना जास्त बसता येणार नव्हतं. अंबादासनं उजवी चप्पल काढली. त्यानं पहिली तार छेडली आणि डब्यावर पाय दिला.

खटाक.

टिंग.

स्वच्छ. निर्मळ. काचेसारखा आवाज. एवढा सुंदर दूधभात मी जन्मात ऐकला नव्हता. अंबादासनं घाबरून तिखट शेवटपर्यंत फिरवलं. आवाज थोडा मोठा झाला, पण काच काही तडकली नाही. राजय्याकाकांनी मान पुढे केली. कानामागे हात धरला. मग हात खाली घेतला.

स्टेजच्या कडेला मेहबूबभाई मशीनशेजारी उभे होते आणि त्यांचा चेहरा असा फुललेला होता की तसा नवरदेवाचाही नव्हता. शाबासकी घ्यायला ते पुढेच आले. “देखे? कैसा साफ हो गया!”

“काय केलंत, भाई?” अंबादासनं विचारलं.

“तुम्हारे डब्बे में दो डायोड लगे थे, आमने-सामने. आवाज का गला दबा रै थे जी दोनों मिलके! निकाल के फेक दिया.”

ज्या दाबलेल्या आवाजासाठी एवढा आटापिटा केला, तो दाबणारे तेच दोघे होते.

“कुटं फेकलं?”

“सुबू-सुबू दुकान झाडा ना मैं. कचरे में.”

अंबादास स्टेजवर मटकन खाली बसला. गिटार मांडीवर, एक पाय उघडा, एका पायात चप्पल. इतका वेळ मला या प्रकाराची मजा वाटत आली होती. त्या क्षणी ती संपली. समोर कुणीतरी काकांच्या खांद्याला हात लावून पाठवणीसाठी उठायची खूण केली. काका खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला लागले.

“क्या हुआ, अनंतभाई?” मेहबूबभाईंनी मला विचारलं. मी चार वाक्यांत सगळं सांगितलं. बापाला ऐकू आलं नाही तर आज गिटार सुटते, आणि त्या बिघडलेल्या आवाजाशिवाय बापाला ऐकू येत नाही. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरत गेला. त्यांनी एकदा काकांकडे पाहिलं. एकदा खाली बसलेल्या अंबादासकडे. मग ते आपल्या मशीनकडे गेले, त्याच्यावरून हात फिरवला, आणि बटण लाल ठिपक्याच्या पुढे नेलं. आणि आणखी पुढे. अगदी शेवटपर्यंत.

“बजा, बेटा,” ते म्हणाले. “अब्बा होते तो वो भी घुमातेच.”

अंबादासनं तार छेडली. मेहबूबभाईंनी साफ करून दिलेल्या डब्यातून आवाज आता पूर्ण जोरात येत होता, आणि मशीनमध्ये त्याला मावायला जागाच उरली नव्हती. जागा नसल्यामुळे तो दाटला, त्याच्या कडा घासल्या गेल्या, आणि आधी गुरगुरत, मग गोल होऊन, तो बाहेर पडला. न तुटता, लांबच लांब. मुंबईच्या पेटीतून आला होता त्याहूनही भरदार. वाढपी बुंदीची परात घेऊन जागीच उभा राहिला. माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, “तेल सुटलं!”

पंगतीतून कुणीतरी ओरडलं, “स्पीकर फाटला बे!”

“फट्या नै!” मेहबूबभाई छाती काढून गरजले. “बिगड्या नै, बिगाड्या है! मुद्दाम!”

राजय्याकाका अर्धवट उठलेले होते, तसेच थांबले. मग हळूहळू परत खाली बसले. अंबादास डोळे मिटून वाजवत होता. ती हातमागावरची चाल मांडवभर पसरली, आणि भावकीतल्या दोन म्हाताऱ्या बायका तोंडातल्या तोंडात गुणगुणायला लागल्या. शेवटची ओळ संपता संपता मशीनमधून धुराची एक रेघ वर गेली, आतले दिवे विझले, आणि सगळीकडे जळलेल्या तारेचा आणि काथाचा एकत्र वास पसरला.

काका उठून स्टेजपर्यंत आले. सगळा मांडव त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

“विनपडिंदि,” ते म्हणाले. ऐकू आलं.

अंबादास पाया पडायला वाकला, तर त्याला खांद्याला धरून थांबवत ते पुढे म्हणाले, “तिसऱ्या फेरीत वळण चुकलास. खाली जायचं, तू वर गेलास.”

अंबादासला मी तेवढं एकदाच रडताना पाहिलं, आणि तेही बापानं चूक काढली म्हणून. वडील चूक काढतात याचा एवढा आनंद झालेला दुसरा मुलगा मी पाहिलेला नाही.

मेहबूबभाई ते मशीन हातगाडीवरून घरी घेऊन गेले तेव्हा मखमलीची टोपी त्यांनी नीट वरून घातली होती. मी गाडीला हात लावून शेजारून चालत होतो. दुरुस्तीला बरेच दिवस लागले. परत आलं तेव्हा जुना लाल ठिपका त्यांनी खरवडून काढला होता आणि नवा लावला होता, दोन बोटं पुढे. डब्यातही त्यांनी नवे दोन डायोड स्वतःच्या हातानं बसवून दिले. बसवताना पूर्ण वेळ पुटपुटत होते, आपण काहीतरी पाप करतोय अशा चेहऱ्यानं. डाग मात्र असे दिले की पुन्हा कधी सुटले नाहीत.

पुढच्याच वर्षी माझी बदली झाली. निघायच्या आधी अंबादासला भेटायला साखर पेठेत गेलो. मागांना सुट्टी होती, घर कधी नव्हे ते शांत होतं, आणि मागच्या बाजूनं गिटार ऐकू येत होती. मी मागच्या दारात जाऊन उभा राहिलो. अंबादास एका छोट्या मशीनला गिटार लावून, सुताच्या गठ्ठ्यावर बसून डोळे मिटून वाजवत होता. त्याच्या दोन्ही पायांत चपला होत्या. ते बघून मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. मग माझं लक्ष राजय्याकाकांकडे गेलं.

ते समोरच्या खुर्चीत ताठ बसले होते. पानाचा डबा त्यांच्या पुढ्यात होता आणि त्यांचा उघडा उजवा पाय त्या डब्यावर होता, तरुणपणी पावडीवर असायचा तसा. गिटारीचा आवाज बारीक व्हायला लागला की काका पायानं दाबत. खटाक! आवाज भरून आला की समाधानानं मान हलवत.

“बापू, पाय काढा की!” अंबादास डोळे न उघडता ओरडला. “हितं साधं वाजवायचंय! हितं दूधभात पायजे!”

राजय्याकाकांना त्यातलं अक्षरही ऐकू गेलं नाही. ते वाकले, तिखटाचं बटण चाचपून शोधलं, आणि आणखी थोडं वाढवलं.